सर्व्हिस रिपोर्टच्या मागची यादी

लाखनीच्या ज्या कॉलेजात मी काम करते तिथली संगणक प्रयोगशाळा माझ्याकडे आहे. वीस मशीन आणि काचेच्या दाराच्या कपाटात एक सर्व्हर. विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकं, ग्रंथालयाची सूची, चाचण्यांचे गुण, सगळं त्या एका सर्व्हरवर. सगळ्या मशीनवर लिनक्स आहे. ते कोणी निवडलं हे मला माहीत नाही, मी आले तेव्हा होतंच. सकाळी मशीन सुरू करायच्या, संध्याकाळी बंद करायच्या, सर्व्हर तेवढा रात्रंदिवस चालू ठेवायचा, आणि काही अडलं की नागपूरला फोन लावायचा, एवढंच माझं काम होतं.

नागपूरहून महिन्यातून एकदा देखभालीचा इंजिनिअर यायचा. चाळिशीचा असेल. कमी बोलायचा, चहा बिनसाखरेचा घ्यायचा, आणि सर्व्हरसमोर बसला की आधी मॉनिटर थोडा भिंतीकडे वळवायचा. मग काळ्या पडद्यावर भराभर काहीतरी लिहायचा. पासवर्ड लपवण्यासाठी तेवढं करणं मी समजू शकले असते. पण त्याचा पडदा पूर्ण तासभर भिंतीकडेच असायचा.

"काय करून राहिले सर?" मी एकदा विचारलं.

"अपडेट."

"कायचं?"

"सिस्टीमचं. लय आतलं हाये मॅडम. तुमाले नाई समजनार."

तो हे वाईट वाटावं म्हणून बोलला नव्हता. बाहेर ऊन आहे असं सांगावं तसं सांगितलं. म्हणूनच ते माझ्या डोक्यात राहिलं.

माझा स्वभाव मुळातच संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरी आमची धानाची शेती, तलावाच्या पाण्यावरची. पाणी पाळीनं मिळायचं. माझे वडील आपली पाळी नसेल त्या दिवशीही बांधावर जाऊन पाणी कोणाच्या बांधीत वळलंय ते पाहून यायचे. कधी काही सापडलं असं आठवत नाही, तरी जायचे. मीही तशीच झाले. दूधवाल्यापासून नवऱ्याच्या फोनपर्यंत सगळीकडे माझं लक्ष असतं.

त्या वर्षी प्राचार्यांनी मला बोलावून एक छापील कागद पुढे केला. "ग्रंथालयासाठी ऑपरेटिंग सिस्टीमची पुस्तकं घ्यायची आहेत. पुस्तकवाल्यानं यादी पाठवलीय. विषय तुमचा आहे, बघून सही करा."

मी सही केली नाही. यादीत सात पुस्तकं होती, त्यातली पाच एकाच प्रकाशनाची. एक पुस्तक तर दोनदा होतं, एकदा मागच्या आवृत्तीचं, एकदा नव्या. मी म्हटलं, "सर, मी आधी पाहून येते, मग सांगते." प्राचार्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तोपर्यंत त्या कॉलेजात कोणी पुस्तकं पाहून यादी केली नसावी.

खरं कारण वेगळं होतं. मला स्वतःलाच ती पुस्तकं वाचायची होती. ते "लय आतलं" म्हणजे काय ते मला पाहायचं होतं.

पुढच्या महिन्यात इंजिनिअर आला तेव्हा तो प्राचार्यांच्या केबिनमधून सरळ माझ्याकडे आला. "पुस्तकं घेऊन राहिले म्हणे? मी लिहून देतो." मी काही मागितलं नव्हतं. त्यानं सर्व्हिस रिपोर्टचा कागद उलटा केला आणि त्याच्या पाठीवर चार पुस्तकांची नावं लिहिली. प्रत्येक नावाच्या आधी आकडा घातला आणि आकड्याला गोल केला. एक, दोन, तीन, चार.

"याच क्रमानं वाचजा," तो म्हणाला. "पहिलं झाल्याशिवाय दुसऱ्याले हात नका लावू. चौथं तं आत्ताच नका घेऊ."

झालं. माणूस आपण होऊन यादी देतो, वरून क्रमही सांगतो आणि एक पुस्तक घेऊ नका म्हणतो. पुस्तकवाल्याशी त्याचं काही ठरलेलं असावं, असं मला आधी वाटलं. पण दोन्ही याद्यांत एकही नाव सारखं नव्हतं. मग वाटलं, हा मला मुद्दाम चुकीच्या वाटेनं पाठवतोय. खरी माहिती चौथ्यात असेल आणि ती माझ्या हाती लागू नये म्हणून ही सगळी सोय.

एका शनिवारी मी नागपूरची बस धरली. शहापूर गेल्यावर बसमध्ये उभं राहायलाही जागा उरली नाही. मी पर्समधला तो कागद दोनदा काढून पाहिला. पुस्तकं पारखायला मी एक प्रश्न ठरवला होता. बटण दाबल्यापासून नाव आणि पासवर्ड विचारेपर्यंत मशीनच्या आत काय काय होतं? हे मी रोज वीस वेळा करत होते आणि मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. जे पुस्तक याचं सरळ उत्तर देईल ते खरं, बाकीची नुसती कागदं.

नव्या-जुन्या पुस्तकांचं एक मोठं दुकान होतं. मालक म्हातारा, खुर्चीतून उठला नाही, बोटानंच कपाट दाखवलं. मी खाली सतरंजीवर बसले आणि एकेक पुस्तक काढत गेले.

पुस्तकवाल्याच्या यादीतली तीन तिथं मिळाली. पहिलं परीक्षेचं गाइड होतं. माझ्या प्रश्नाला त्यात पाच मुद्दे होते, पहिला मुद्दा 'संगणक सुरू होतो' आणि पाचवा 'संगणक वापरासाठी तयार होतो'. असल्याच एका गाइडवर मी पदविका पास झाले होते, पहिल्या वर्गात. ते आठवून मी गाइड पटकन मिटलं. दुसरं जाडजूड, रंगीत, पानापानावर पडद्याची चित्रं. 'आता तुम्हाला ही खिडकी दिसेल.' खिडकी मला रोजच दिसत होती. तिसऱ्यातली दोन प्रकरणं मी गाइडमध्ये नुकतीच वाचली होती, शब्दाला शब्द, चुकीच्या स्पेलिंगसकट. कोणी कोणाचं उचललं ते देव जाणे. मी तिन्ही नावांवर काट मारली.

मग इंजिनिअरच्या यादीतली. पहिलं लहानसं, जुनं, स्वस्त कागदाचं. त्यात नुसत्या कमांड होत्या: फाईल कशी पाहायची, फोल्डर कसं बदलायचं, मशीनला प्रश्न कसे विचारायचे. मला ते पोरासोरांचं वाटलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतंच. दुसरं सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी. तिसरं सिद्धांताचं, वीटभर जाडीचं. त्यात पाच तत्त्वज्ञ एका गोल टेबलाभोवती जेवायला बसले होते, दोघांमध्ये एकेक काटा, आणि प्रत्येकाला जेवायला दोन काटे लागत. ते उपाशी राहतील की नाही यावर लेखकानं कित्येक पानं खर्च केली होती. मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय. पण त्याच पुस्तकात माझ्या प्रश्नाचं उत्तरही होतं. मशीन उठली की सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, आधी स्मृतीत येतो, तो एक पहिलं काम जन्माला घालतो, आणि मग बाकीची सगळी कामं त्या पहिल्याची लेकरं, नातवंडं. एखाद्या कामाचा बाप आधी मेला तर त्या अनाथाला ते पहिलं काम दत्तक घेतं. मी ते पान दोनदा वाचलं. एवढं सगळं घरदार आत आहे आणि मी वरून फडकं मारत होते.

चौथं पुस्तक फक्त एकच प्रत, जुनी. एक चित्र नाही. नुसता कोड आणि त्याखाली बारीक अक्षरात स्पष्टीकरण. माझ्या प्रश्नावर त्यात पूर्ण प्रकरण होतं आणि त्यातलं मला अक्षरही समजलं नाही. तेव्हाच मी ठरवलं की लपवायची गोष्ट हीच. मी स्वतःसाठी तेच विकत घेतलं, बाकीची तिथंच ठेवली.

मालकानं पिशवीत भरताना विचारलं, "कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"हं," एवढंच तो म्हणाला. घरी येऊन पाहिलं तर आधीच्या मालकानं पेन्सिलीनं केलेल्या खुणा पान चाळीसपर्यंत होत्या. पुढे पुस्तक कोरं.

मी चार महिने त्या पुस्तकाशी झगडले. सकाळी नवरा शेताकडे गेला की स्वयंपाकाआधीचा तासभर माझा. परसातल्या बाजेवर बसून वाचायचे. एक वाक्य समजायला तीन शब्द अडायचे, ते तीन शब्द शोधायला गेलं की आणखी नऊ. नवऱ्यानं एकदा येऊन पाहिलं.

"काय व, अजून त्याच पानावर हायेस?"

"तुमी आपलं धान रोवण्याचं पाहा," मी म्हटलं.

पण तो खरं बोलला होता. मी पान एकतीसवर होते. चाळीसपर्यंतसुद्धा पोचले नाही. पोळ्याच्या आधी एका सकाळी मी पुस्तक मिटलं आणि मला रडू आलं. त्या माणसानं सांगितलेलं खरं असावं, हे मान्य करणं मला त्या पुस्तकापेक्षा जड गेलं.

प्राचार्यांकडे मी शेवटी इंजिनिअरची चारही नावं दिली, पहिल्याच्या दोन प्रती. पुस्तकं आली तेव्हा खोकं मीच उघडलं. पहिल्याच्या जागी पुस्तकवाल्यानं तशाच नावाचं दुसऱ्याच कोणाचं पुस्तक भरलं होतं. मी ते परत पाठवलं. ग्रंथपाल म्हणाले, "राहू द्या ना मॅडम, नाव तं तेच हाये." मी म्हटलं, "नाव तेच हाये, पुस्तक ते नाई." महिनाभरानं बरोबर प्रती आल्या. शिक्का पडल्यावर पहिली प्रत मीच नेली.

ते पोरासोरांचं पुस्तक मी प्रयोगशाळेत, मशीनसमोर बसून वाचलं. एक ओळ वाचायची, एक ओळ टाईप करायची. दुसऱ्याच प्रकरणात त्यानं सांगितलं की या सिस्टीमचं स्वतःचं पुस्तक सिस्टीमच्या आतच असतं. 'मॅन' टाईप करा, पुढे कमांडचं नाव लिहा, की पान उघडतं. इतकी वर्षं ते पुस्तक माझ्यासमोर होतं आणि मी नागपूरला फोन लावत होते. हेही मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मला इंजिनिअरचा पुन्हा राग आला.

सहाव्या प्रकरणात 'लास्ट' नावाची कमांड होती. मशीनवर कोण, कुठून, कधी आलं आणि कधी गेलं, ते ती सांगते. मी ती सर्व्हरवर चालवली. विद्यार्थ्यांची नावं आली, माझं आलं, इंजिनिअरचं देखभालीचं खातं आलं. आणि एक आणखी नाव. चार अक्षरांचं, मी कधीच न पाहिलेलं. ते बाहेरून यायचं. रविवारी. पोळ्याच्या दिवशीही आलं होतं, जेव्हा कॉलेजला कुलूप होतं आणि अर्धं गाव बैल सजवण्यात गुंतलं होतं.

आधी वाटलं, मलाच वाचता येत नसेल. मी मॅनचं पान उघडून पुन्हा वाचलं. चूक नव्हती. मग मी एका शंभर पानी वहीत दर सोमवारी ते नाव, वार आणि वेळ उतरवू लागले. कोणालाही सांगितलं नाही. त्या दिवसांत मी सगळ्यांकडे वेगळ्या नजरेनं पाहत होते. ग्रंथपालांना पासवर्ड माहीत असेल का? परीक्षेचं काम पाहणारे सर हल्ली लवकर का जातात? कोणी माझ्याशी नेहमीपेक्षा चार शब्द जास्त बोललं तरी मला तो माणूस खटकायचा.

मग दुसरं पुस्तक नेलं. त्यातून जागा मोजायला शिकले. सर्व्हरची डिस्क जवळजवळ भरलेली होती आणि विद्यार्थ्यांचे सगळे फोल्डर मिळून तिची निम्मीही जागा भरत नव्हती. बाकी कोणी व्यापली? एका फोल्डरवर मशीननं मला सरळ सांगितलं की परवानगी नाही. मालक तोच, चार अक्षरांचा. शेवटचा बदल दर वेळी रविवारचा.

पुढच्या भेटीला इंजिनिअर आला, चहा झाला, त्यानं मॉनिटर वळवायला हात घातला. मी म्हटलं, "राहू द्या सर. आधी हे पाहा." आणि वही समोर ठेवली.

त्यानं पहिलं पान पाहिलं, मग दुसरं, मग शेवटचं. बाटलीतलं पाणी प्यायला.

"हे कोणी काढून देल्लं?"

"मी काढलं. कोण हाये हा?"

"मीच हावो."

साकोलीकडच्या एका दवाखान्याचं कामही त्याच्याकडे होतं. त्यांची मशीन जुनी, सारखी बंद पडायची. म्हणून त्यांच्या नोंदींची एक प्रत तो दर रविवारी घरून आमच्या सर्व्हरवर आणून ठेवत होता. कॉलेजला सांगितलं नव्हतं. दवाखान्यालाही ती कुठं ठेवतो हे सांगितलं नव्हतं.

"म्हणजे लोकाईचे आजार आमच्या कपाटात?"

"चोरी नाई केली मॅडम. जागा रिकामी पडून होती. त्याईची मशीन दोनदा गेली, दोनदा इथूनच परत भरली. कोणाचं नुकसान झालं?"

"मंग लपवलं काहून?"

"लपवलं नाई. कोणी विचारलंच नाई."

खरं असेल. खोटंही असेल. फोल्डर उघडून मला दाखवतो म्हणाला, मी नको म्हटलं. कोणत्या बाईला काय झालंय हे मला वाचायचं नव्हतं. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय मला राहवेना.

"सर, ते पुस्तक तुमीच सांगतलं. त्याच्यातच ही कमांड होती. तुमाले माहीत होतं ना?"

"होतं ना."

"मंग काहून सांगतलं?"

तो पहिल्यांदाच थोडा हसला, आणि त्या हसण्यात कुचकेपणा नव्हता. "मले वाटलं, तुमी वाचणार नाई. लय जागी यादी देल्ली मॅडम. मागतात सगळे. वाचत कोणी नाई."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला तो वेगळाच. इतके दिवस मी धरून बसले होते की हा मला चुकीची पुस्तकं सांगून अडवतोय. त्यानं मला अडवलंच नव्हतं. बरोबर पुस्तकं, बरोबर क्रमानं, प्रामाणिकपणे लिहून दिली होती, कारण माझ्यापासून त्याला धोका वाटतच नव्हता. शाळेपासून मला कोणी इतकं हलकं धरलं नव्हतं, आणि इतकं चांगलं मार्गदर्शनही केलं नव्हतं.

मी त्याला म्हटलं की ते फोल्डर आजच न्या आणि मी प्राचार्यांना सांगणार. त्यानं फक्त मान डोलावली. त्या दिवशी तो निघेपर्यंत पडदा माझ्याकडे होता. त्यानं काय टाईप केलं त्यातलं बरंचसं मला समजलं.

प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न मलाच केला. "तुम्हाला हे कसं कळलं? तुम्ही आणखी कोणाकोणाचं पाहिलं?"

मी म्हटलं, "सर, कोण आलं-गेलं एवढंच पाहिलं. आतलं काही नाही."

"लिहून द्या."

मी लिहून दिलं. देखभालीचा करार पुढे वाढवला नाही. सर्व्हरचा पासवर्ड बंद लिफाफ्यात माझ्याकडे आला, त्याची दुसरी प्रत प्राचार्यांच्या तिजोरीत. मला वाटलं होतं, कोणीतरी शाबास म्हणेल. झालं असं की स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं थांबू लागलं. "मॅडमले सगळं दिसते म्हणे," असं एका सरांनी चहाच्या टपरीवर सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. एक बाई तर मी जवळ गेले की मोबाईल पालथा घालत. मला काही दिसत नाही हो, असं सांगायला जावं तर त्यांचा संशय आणखीच वाढेल.

दवाखान्यालाही मी फोन केला होता. करावा की नाही यात आठ दिवस गेले. तिथले डॉक्टर म्हणाले, "बाई, तो माणूस आमच्याकडे सहा वर्षांपासून आहे. तुम्ही कोण?" मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं. त्यांनी ठीक आहे म्हणून फोन ठेवला. पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. त्या नोंदी आता दुसऱ्या कोणाच्या कपाटात असतील का, हा विचार अधूनमधून येतो.

आता सर्व्हर मीच सांभाळते. तिसरं पुस्तक गेल्या वर्षी पुरं झालं, त्या उपाशी तत्त्वज्ञांचं कोडंही मला सुटलं. चौथं पुन्हा उघडलं आहे. सावकाश चाललंय.

मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी प्रात्यक्षिक संपल्यावर मागे थांबली. बपेऱ्याची आहे, लाखनीला मावशीकडे राहून शिकते. म्हणाली, "मॅडम, लिनक्स नीट शिकायचं हाये. कोणतं पुस्तक घेऊ?"

माझ्या तोंडून पटकन निघालं, "काहून? तुले कायले पाहिजे?"

तिचा चेहरा उतरला. "असंच," म्हणाली आणि दप्तर उचलून गेली. मी तिथंच बसून राहिले. तिला सर्व्हरमध्ये शिरायचं असेल, गुण बदलायचे असतील, कोणीतरी तिला पाठवलं असेल, असं सगळं त्या एका क्षणात माझ्या मनात येऊन गेलं होतं. एका मुलीनं पुस्तकाचं नाव विचारलं होतं, बस.

ती पुन्हा विचारेल म्हणून मी आठवडाभर वाट पाहिली. ती प्रात्यक्षिकाला यायची, मान खाली घालून काम करायची आणि सगळ्यांबरोबर निघून जायची. शेवटी मीच ग्रंथालयात गेले, ते लहानसं पुस्तक माझ्या कार्डावर काढलं आणि वर्ग सुटताना तिच्या टेबलावर ठेवलं.

"दुसऱ्या प्रकरणापर्यंत वाच," मी म्हटलं. "अडलं तं विचारजो."

तिनं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जरा जपूनच.

"परत कधी द्यायचं मॅडम?"

"होईन तेव्हा दे," मी म्हटलं.

तिनं ते दप्तरात घातलं, चेन लावली, आणि दारापाशी जाऊन एकदा वळून पाहिलं, मी अजून तिच्याकडे पाहतेय का म्हणून.